रिस्टार्टरावांची फेरपरीक्षा

नापास होण्याचं एक वय असतं. त्या वयात नापास झालं की आई रडते, वडील बोलायचे थांबतात, आणि आठवडाभरात घर पुन्हा रुळावर येतं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने नापास झाल्यावर काय करायचं, हे मात्र कुणी ठरवून ठेवलेलं नाही. रडायला आई होती, पण तिला संध्याकाळची मालिका चुकवायची नव्हती. बायको बोलायची थांबली असती तर बरं झालं असतं, पण ती शाळेत गणित शिकवत होती आणि नापास माणूस हा तिच्या आवडीचा विषय होता.

ऑफिसात त्यांना सगळे रिस्टार्टराव म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागेच. पण पाठ वळायच्या आत. कुणाचा संगणक अडला, प्रिंटर रुसला, नेट गेलं की हे जात, गंभीर चेहऱ्याने यंत्राकडे पाहत, चष्मा वर सरकवत आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करत. बहुतेक वेळा ते चालू होई. का चालू झालं हे त्यांना माहीत नसे आणि विचारणाऱ्याला ते जाणून घ्यायची हौस नसे. अशा सुखी अज्ञानावर त्यांची नोकरी चांगली बहरली होती.

मग नवीन साहेबीण आल्या. वयाने लहान, बोलायला मृदू, आणि मृदू बोलणाऱ्या माणसांपासून जपून राहावं हे रिस्टार्टरावांना पुढे कळलं. नेटवर्क विभागात बसायचं असेल तर प्रमाणपत्र हवं, असा आदेश निघाला. परीक्षा दोन भागांत. लेखी, आणि प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात एका टेबलावर मुद्दाम बिघडवलेलं छोटं नेटवर्क ठेवतात आणि ते दुरुस्त करायला सांगतात. लेखीत रिस्टार्टरावांना भरघोस गुण मिळाले. प्रात्यक्षिकात नापास. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "उमेदवार कारण शोधत नाही. हात आधी चालतो."

हा शेरा त्यांना लागला. नापास होण्यापेक्षा जास्त लागला, कारण खरा होता.

फेरपरीक्षेची एकच संधी होती. तीही हुकली तर जुन्या फायलींच्या विभागात बदली. तो विभाग तळघरात होता. तिथे दिवसाही दिवे लावावे लागत आणि तिथे गेलेला माणूस जेवणाच्या सुट्टीतही वर येईनासा होतो, अशी त्याची ख्याती होती. साहेबीण म्हणाल्या, "तिथेही तुमच्या अनुभवाचा उपयोगच होईल." रिस्टार्टरावांनी आपला अनुभव डोळ्यांसमोर आणून पाहिला. फायली बंद करून पुन्हा उघडता येतात, एवढंच त्यांना सुचलं.

आता सरावाला लागायचं, तर घरी स्वतःचं छोटं नेटवर्क हवं. दोन जुने संगणक माळ्यावर होते. प्रश्न होता स्विचचा. स्विच म्हणजे सगळ्या संगणकांच्या केबल ज्याच्यात येऊन मिळतात तो डबा. ऑफिसच्या स्टोअरमध्ये असे जुने डबे धूळ खात पडले होते. निकामी म्हणून लिहून टाकलेले. त्यांतले दोन घरी न्यावेत, एवढी साधी गोष्ट.

स्टोअरकीपरने कागद पाहिला. "हे निकामी आहेत असं कुणी लिहिलंय?"

"मीच."

"सही?"

"माझीच."

"मग निकामी वस्तू घरी नेऊन काय करणार?"

"वापरणार."

"म्हणजे निकामी नाहीत." स्टोअरकीपरने पेन बाजूला ठेवलं. "तुम्ही चालू वस्तू निकामी म्हणून लिहिलीत, असं झालं की हे."

"नाही हो. निकामीच आहेत. मला निकामीच हव्यात."

"का?"

"बिघाड शोधायची सवय करायचीय."

स्टोअरकीपरने कागद पुन्हा उलटसुलट करून पाहिला. एवढी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला बिघाड शोधायला घरी जावं लागतं, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. शेवटी तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, चालू वस्तू बाहेर नेता येत नाही. निकामी वस्तू फक्त भंगारवाला नेतो. मधली वस्तू आमच्याकडे नसते."

तेव्हा रिस्टार्टराव भंगारवाल्याच्या टेम्पोची वाट पाहत ऑफिसच्या मागच्या फाटकाशी उभे राहिले. त्यांनी स्वतः निकामी ठरवलेले दोन डबे त्यांना भंगारवाल्याकडून विकत घ्यावे लागले. वर भंगारवाला म्हणाला, "डोळे झाकून न्या साहेब. एकदम चालू माल आहे." घरी लावून पाहिले तर खरंच चालू होते. आपण आजवर काय काय निकामी ठरवलं असेल, या विचाराने त्यांना रात्री जेवण गेलं नाही.

बैठकीच्या खोलीत टीपॉयवर प्रयोगशाळा उभी राहिली. त्या डब्यांचे पंखे असे घोंघावत की आईने पहिल्याच संध्याकाळी मालिकेचा आवाज वाढवला. तरीही ऐकू येईना म्हणून तिने गुपचूप डब्यांवर उशी ठेवली. उशी तापून वास सुटला तेव्हा सगळ्यांना कळलं.

पण खरी अडचण पुढेच होती. बिघाड शोधायचा तर तो आधी कुणीतरी करायला हवा. स्वतःच बिघडवून स्वतःच शोधायचं म्हणजे स्वतःच लपायचं आणि स्वतःच राज्य घ्यायचं. रिस्टार्टरावांनी आठवडाभर तेही करून पाहिलं. रोज पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि काडीचा उपयोग झाला नाही.

बायको वह्या तपासता तपासता हे पाहत होती. एके दिवशी ती म्हणाली, "मी काढू का पेपर?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

हे वाक्य बोलायला नको होतं. गणिताच्या शिक्षिकेला तर मुळीच नको होतं. तिने त्यांचं जाडजूड पुस्तक उचललं, दोन सुट्ट्या त्यात घालवल्या, समासात शिसपेन्सिलीने खुणा केल्या आणि लेखकाच्या तीन चुकाही काढल्या. सोमवारी ती म्हणाली, "तुम्ही जरा आत जाऊन बसा."

तिचे पेपर शाळेत प्रसिद्ध होते. एक प्रश्न सगळ्यांसाठी, एक हुशारांसाठी आणि एक असा की पालकांनी मुख्याध्यापकांकडे जावं. तीच शिस्त तिने घरी आणली. पहिल्या दिवशी दोन्ही संगणकांना एकच पत्ता देऊन ठेवला. नेटवर्कात प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता लागतो. दोघांचा एकच झाला की निरोप कुणाकडे न्यायचा याचा घोळ होतो. रिस्टार्टरावांनी आत येताच केबल बदलली, स्विच बंद करून चालू केला, दोन्ही पत्ते नव्याने घातले, आणखी एक दोन गोष्टी इकडच्या तिकडे केल्या, आणि नेटवर्क चालू झालं. ते विजयी मुद्रेने वळले.

"काय बिघडलं होतं?" बायकोने विचारलं.

"चालू झालं ना?"

"काय बिघडलं होतं?"

"म्हणजे... केबल असेल. किंवा पत्ता. दोन्हींपैकी काहीतरी."

तिने लाल पेन उघडलं. "उत्तर बरोबर, रीत नाही. शून्य."

"शून्य? अगं, चालू झालंय!"

"उत्तर शेजारच्याचं बघूनही बरोबर येतं."

दुसऱ्या दिवशी तिने एक केबल खोबणीत नुसती टेकवून ठेवली. बघणाऱ्याला वाटावं बसली आहे, पण टक असा आवाज होईपर्यंत आत न सारलेली. रिस्टार्टरावांनी संगणकातली निम्मी मांडणी बदलली, मग पुस्तक उघडलं, मग आईला गप्प बसायला सांगितलं. शून्य. तिसऱ्या दिवशीचा पेपर मात्र त्यांच्या कायमचा लक्षात राहिला. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळं नेटवर्क उलटंपालटं केलं, प्रत्येक केबल उपटून पाहिली, एका संगणकाचं झाकण काढलं, आणि शेवटी घामाघूम होऊन म्हणाले, "हरलो. काय होतं?"

"काहीच नव्हतं."

"म्हणजे?"

"काही बिघडवलंच नव्हतं मी. तुम्ही आधी चालतंय का ते बघाल असं वाटलं होतं." तिने टीपॉयवरच्या गुंत्याकडे पाहिलं. "आता बिघडलंय."

या पेपरावर रिस्टार्टराव खरोखर चिडले. जगात असा पेपर कुणी काढतं का, विद्यार्थ्याचा विश्वासघात आहे हा, असं बरंच बोलले. तिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "अहो, तुम्हाला तळघरात पाठवतील. मला ते नकोय. तिथला तो माणूस आपल्याकडे आला होता एकदा, आठवतं? बोलताना सारखा दाराकडे बघत होता." आणि ती पुन्हा वह्यांकडे वळली. रिस्टार्टरावांचा राग कुठल्या कुठे गेला. आपल्याला वाटते तेवढीच भीती हिलाही वाटते आहे, हे त्यांना आजवर कळलंच नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी तिची रीत मुकाट्याने पत्करली. हात मागे बांधून आधी नुसतं बघायचं. काय चालतंय, काय नाही, ते लिहायचं. मग एकच गोष्ट बदलायची. पुन्हा बघायचं. फरक पडला नाही तर ती होती तशी करायची आणि मगच दुसरी. ही रीत इतकी संथ होती की त्यांचे हात शिवशिवत. एकदा त्यांनी चोरून एक डबा बंद करून चालू केला, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "पंख्याचा आवाज थांबला होता आत्ता!"

हे सगळं चार भिंतींत राहिलं असतं तर ठीक होतं. पण आईने जिन्यात बोलता बोलता सांगून टाकलं, "आमची सून रोज मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवते, आणि हा बिचारा संध्याकाळभर शोधत बसतो." इमारतीतल्या निम्म्या लोकांनी याचा अर्थ संसाराशी लावला. दोघीतिघींनी बायकोला सबुरीने घ्यायला सांगितलं. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी रिस्टार्टरावांना थांबवून, ताणामुळे झोपेत दात खाल्ले जातात का, याची चौकशी केली. खरी गोष्ट कळल्यावर तर सल्ल्यांना ऊत आला. कुणी ध्यान सांगितलं, कुणी परीक्षेच्या दिवशी उपाशी जा म्हणालं, कुणी भरपेट जा म्हणालं.

सगळ्यात मनावर घेतलं ते समोरच्या ऑडिटरकाकांनी. हे गृहस्थ निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दुसऱ्याच्या कामात चूक शोधायची संधी मिळाली की त्यांच्या चेहऱ्यावर अजून तुकतुकी येई. ते म्हणाले, "घरचे पेपर सोडवून काही होत नाही. परीक्षक बाहेरचा हवा. तिऱ्हाईत." रिस्टार्टराव हसून बरं म्हणाले. कुठल्याही सल्ल्याला हसून बरं म्हणायची त्यांची सवय होती. ती त्यांना यापूर्वीही महागात पडली होती.

इमारतीचं इंटरनेट एकच होतं. ते जिन्याखालच्या खोलीत एका डब्यात येई आणि तिथून घरोघरी जाई. आपलाच माणूस जाणकार आहे म्हणून त्याची देखभाल रिस्टार्टरावांकडे होती. एका रविवारी दुपारी ते अंमळ आडवे झाले होते, तेवढ्यात दातांचे डॉक्टर हातमोज्यांसकट वर आले.

"नेट गेलंय. पेशंटचा एक्स-रे उघडत नाहीये. तोंड उघडून बसलाय तो."

पाठोपाठ आईची मालिका थांबली. मग वरच्या मजल्यावरून दारं वाजायला लागली. रिस्टार्टरावांनी बायकोकडे संशयाने पाहिलं. "तुझा पेपर?"

"मी नाही. रविवारी मी पेपर काढत नाही."

"पेपर काढणारे असंच म्हणतात."

सगळी वरात जिन्याखाली पोचली. डब्यावरचे दिवे एकसाथ वेड्यासारखे उघडझाप करत होते. रिस्टार्टरावांचा हात आपोआप वीज बंद करायच्या बटणाकडे गेला, आणि बायकोने मागून तो मनगटाशी धरला. इमारतीतल्या यच्चयावत लोकांसमोर. कुणीतरी खोकलं. "आधी बघा," ती म्हणाली. "लिहा."

मागे गर्दी, पुढे दिवे, बाजूला हातमोजे घातलेला डॉक्टर, आणि हे चष्मा पुसून कागदावर लिहितायत, "सर्व दिवे लुकलुकतात." वरून एकाने विचारलं, "निबंध लिहितायत का?" ऑडिटरकाका मात्र पायरीवर हाताची घडी घालून प्रसन्न उभे होते.

"काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"काही कळत नाहीये अजून."

"कळेल, कळेल. घाई नको."

या आश्वासनात काहीतरी होतं. रिस्टार्टरावांनी वळून पाहिलं. "काका, तुम्ही इथे काही केलंत का?"

"आता ते मी कसं सांगणार?" ऑडिटरकाका दुखावले. "सांगितलं तर ती कॉपी होईल."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला, मग तो हातमोजा आहे हे लक्षात येऊन आणखी वैतागले. सगळ्यांनी काकांची मनधरणी केली. कुणी आवाज चढवला. दवाखान्यात पेशंट तोंड उघडून बसलाय हे पुन्हा सांगून झालं. काका ढिम्म हलले नाहीत. एवढ्या नोकरीत त्यांनी तपासणीआधी कागद फोडला नव्हता, तो जिन्याखाली फोडणार नव्हते. आणि गंमत म्हणजे रिस्टार्टरावांच्या बायकोने त्यांचीच बाजू घेतली. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "चालू द्या तुमचं."

मग रिस्टार्टरावांनी एकेक केबल काढायला सुरुवात केली. एक काढायची, दिवे बघायचे, परत लावायची, लिहायचं. लोक कंटाळून पायऱ्यांवर बसले. बऱ्याच वेळाने एक केबल काढताच सगळे दिवे एकदम शांत झाले. त्यांनी ती केबल हाताने चाचपत शेवटापर्यंत नेली, तर तिचं दुसरं टोकही त्याच डब्यात खोचलेलं. डब्यातून निघालेला निरोप त्याच डब्यात परत येत होता आणि गोल गोल फिरत सगळ्यांची वाट अडवत होता.

"शाबास!" ऑडिटरकाकांनी टाळी वाजवली.

पण नेट अजून आलं नव्हतं. काकांचा चेहरा पडला. "यापुढचं माझं नाही," ते म्हणाले. रिस्टार्टरावांनी पुन्हा हात मागे बांधले आणि बघत राहिले. बाहेरून येणारी मुख्य केबल तिच्या खोबणीत नव्हती, शेजारच्या खोबणीत होती. आता मात्र डॉक्टर खाली बघायला लागले. वर यायच्या आधी त्यांनी स्वतः थोडा प्रयत्न केला होता. "मी फक्त एक काढून दुसरीकडे लावून बघितली," ते पुटपुटले. "दातांत असं चालतं कधी कधी." त्यानंतर इमारतीतल्या दोघांनी दुसरा डॉक्टर शोधला, ती गोष्ट वेगळी.

त्या संध्याकाळी बायकोने कागद तपासला आणि दहापैकी सहा गुण दिले. अक्षराचा एक कापला होता. आणि दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर नोटीस लागली, की कोणत्याही रहिवाशाने सामाईक जागेत परीक्षेचा अभ्यास करू नये. नोटिशीचा मसुदा अतिशय नेटका होता. तो ऑडिटरकाकांनी केला होता. रिस्टार्टराव रोज त्या नोटिशीसमोरून मान खाली घालून जात.

परीक्षेचा दिवस आला. केंद्रावर लांब बाकावर उमेदवार बसले होते, बहुतेक त्यांच्या मुलांच्या वयाचे. आतून बाहेर येणाऱ्यांपैकी काही हसत येत, पण एका दारातून येणारे सगळेच उतरल्या चेहऱ्याने येत. रिस्टार्टरावांच्या शेजारी एक बाई ओठ हलवत पाठ करत बसल्या होत्या. वयाने त्यांच्याएवढ्याच. "दुसऱ्यांदा आलेय," त्या विचारलं नसताना म्हणाल्या. "यावेळी नाही झालं तर घरी बसवतील." रिस्टार्टरावांना काहीतरी धीराचं बोलायचं होतं, पण त्यांचं नाव पुकारलं. त्याच दारातून.

आत एक टेबल, तीन संगणक, दोन डबे आणि एक थकलेला परीक्षक. रिस्टार्टरावांनी हात मागे बांधले. परीक्षक चकित झाला. ते नुसते बघत होते. मग लिहायला लागले. एका संगणकाचा पत्ता चुकला होता, तो सापडला. डब्यातली एक खोबण आतून बंद करून ठेवली होती, ती सापडली. बाहेर जायच्या वाटेचा पत्ता चुकीचा होता, तोही सापडला. प्रत्येक वेळी एकच बदल, मग बघणं, मग लिहिणं. घामही फुटला नाही. सगळं चालू झालं, आणि परीक्षकाने पेन उचललं, तेवढ्यात तिसरा संगणक गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला.

"हे असं का होतंय?" परीक्षक कंटाळल्या सुरात म्हणाला. "सकाळपासून सगळ्यांचं इथेच अडतंय. तिन्ही सलग चालू राहिले तरच पास, नियम आहे."

सकाळपासून सगळ्यांचं. रिस्टार्टरावांनी हे लिहून घेतलं. मग तिसऱ्या संगणकाची केबल काढून पहिल्याला लावली आणि पहिल्याची तिसऱ्याला. तिसरा संगणक खडखडीत चालू राहिला आणि पहिला ये-जा करायला लागला. त्यांनी केबलचं टोक चिमटीत धरून किंचित वाकवलं. दिवा लागला. सोडलं. विझला.

"साहेब, केबल खराब आहे. हिच्याबरोबर बिघाड फिरतोय."

परीक्षकाने आपला कागद पाहिला. "हा बिघाड पेपरात नाहीये."

"नसेल. पण केबलमध्ये आहे."

परीक्षक उठून आला. त्याने स्वतः केबल वाकवून पाहिली. मग दार नीट लागलंय का ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, खराब केबल बदलायची म्हणजे अहवाल द्यावा लागतो. अहवाल दिला की चौकशी लागते. कधीपासून खराब आहे, या टेबलावर कोण कोण नापास झालं, सगळे कागद उघडायचे. परीक्षा बंद ठेवतील. माझ्या निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत हो. तुमची रीत उत्तम आहे, मी तुम्हाला पास लिहितो. तुम्ही केबल होती तशी लावा आणि जा."

रिस्टार्टरावांना हेच ऐकायचं होतं. पास. तळघर नाही, साहेबीणबाईंचा मृदू आवाज नाही, लाल पेन नाही. त्यांनी केबल उचललीसुद्धा. मागच्या वेळी आपण याच टेबलावर होतो का, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना काही केल्या आठवेना. मागच्या वेळी त्यांनी टेबलाकडे पाहिलंच नव्हतं. त्यांना आठवत होते ते फक्त स्वतःचे हात, सगळीकडे धावणारे, आणि घरी परतताना वाटलेली ती मेल्याहून मेल्यासारखी लाज. त्यांना स्वतःची फार दया आली. मग बाहेर बसलेल्या बाई आठवल्या. आता त्या येणार, सगळं बरोबर करणार, आणि तरीही आपणच मूर्ख आहोत असं समजून घरी जाणार.

"साहेब," त्यांनी विचारलं, "केबल तुटली तर काय करता?"

"तुटलेली लगेच बदलता येते. कपाटात नव्या आहेत की. तुटफुटीला चौकशी नसते, सही करून द्यायची फक्त."

"खराब झालेलीला असते, आणि तुटलेलीला नसते?"

"नियम आहे."

रिस्टार्टरावांनी केबलचं टोक जमिनीवर ठेवलं, त्यावर टाच ठेवली आणि सगळा भार दिला. कचकन आवाज झाला. आयुष्यभर त्यांनी काय केलं हे न कळता वस्तू दुरुस्त केल्या होत्या. ही एक वस्तू त्यांनी पुरतं कळून सवरून मोडली.

"साहेब, तुटली."

परीक्षकाने ते चेंदामेंदा झालेलं टोक उचलून पाहिलं. मग किल्ल्या काढून कपाटाकडे गेला. नवी केबल लागली, तिन्ही दिवे स्थिर झाले, आणि स्थिर राहिले. तुटफुटीच्या कागदावर रिस्टार्टरावांनी सही केली. कारणाच्या रकान्यात "उमेदवाराचा निष्काळजीपणा" असं लिहावं लागलं. तिथे दुसरं काही लिहायची सोय नव्हती. बाहेर पडताना ते बाईंना एवढंच म्हणाले, "सावकाश करा. एका वेळी एकच." बाईंनी ते शुभेच्छा म्हणून घेतलं.

घरी आई मालिका बघत होती. बायकोने दार उघडलं आणि तोंडाकडे पाहिलं. "झालात?"

"झालो."

ती मटकन खुर्चीत बसली. तिने इतका धसका घेतला होता हे तिलाही आत्ताच कळत असावं. मग डोळे पुसून तिने नेहमीच्या आवाजात सगळा पेपर विचारला, प्रश्नामागून प्रश्न, आणि त्यांनी सगळा सांगितला. केबलपाशी आल्यावर ती एकदम थांबली.

"म्हणजे मागच्या वेळीसुद्धा त्या केबलमुळेच..." तिने वाक्य अर्धवट सोडलं. "तुम्ही कुठल्या टेबलावर होतात?"

"आठवत नाही."

"विचारता येईल ना त्यांना?"

"चौकशी लागते."

ती विचारात पडली. एक सबंध महिना त्यांना शून्य देण्यात गेला होता, हात धरण्यात गेला होता, जिन्याखालची ती शोभा झाली होती. त्यातल्या कशाचीच गरज नसेल, मागच्याच वेळी हा माणूस पास असेल, ही शक्यता तिने नीट तपासून पाहिली आणि रिस्टार्टराव निकालाची वाट बघत राहिले.

"छे," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही मागच्या वेळी नापासच होतात. मी तपासलंय तुम्हाला."

आणि रिस्टार्टरावांना, का कोण जाणे, फार बरं वाटलं.